मुलगा निघालाय, एवढीच चिठ्ठी

काका, तुम्ही गेलात ते मला तीन तास उशिरा कळलं. मी कोर्टात साक्षीला बसले होते. फोन बंद होता. बाहेर येऊन चालू केला तर पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांचे मिस्ड कॉल. मला वाटलं, कुठेतरी पुन्हा कोणीतरी हत्यार घेऊन दार लावून बसलंय. आणि पहिला विचार काय आला माहितीये? गांगुर्डे काकांना विचारू, काय करायचं ते. तोच विचार डोक्यात घेऊन मी फोन लावला आणि पलीकडून तुमचंच नाव आलं.

शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. जे तुम्हाला ‘दाराशी गप्पा मारणारे फौजदार’ म्हणून हसायचे, तेच हार घेऊन सगळ्यात पुढे होते. मला इतका राग आला की मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘बोलू द्या हो मॅडम, त्यांचं काय जातंय.’ तुम्हाला राग का येत नाही, यावरूनही मी तुमच्याशी भांडलेली आहे.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते एका चिठ्ठीबद्दल. चार वर्षं बोलले नाही. आता बोलून काही उपयोग नाही हे कळतं, तरीही.

मी नवीन फौजदार म्हणून आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. खांद्यावर दोन स्टार, आणि आवाज गरजेपेक्षा मोठा. तुम्ही सहायक फौजदार, नोकरीला तीस वर्षं झालेले, हुद्द्याने माझ्या खाली. पहिल्याच वेळी, एक माणूस कोयता स्वतःच्या गळ्याशी धरून दुकानात बसला होता तेव्हा, तुम्ही मला सगळ्यांसमोर म्हणालात, “मॅडम, तुम्ही बोलू नका. तुम्ही लिवा.” मी घरी जाऊन आईला सांगितलं की एका म्हाताऱ्याने माझा अपमान केला. दोन महिन्यांनी मला कळलं की तुम्ही मला त्या कामातली सगळ्यात अवघड जागा दिली होती.

तुमची पद्धत ठरलेली. टोपी, पट्टा आणि बूट बाहेर काढून ठेवायचे. दाराच्या समोर कधी उभं राहायचं नाही, बिजागरीच्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसायचं. मी तुमच्या मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर. माझ्याकडे जुन्या फॉर्मांचे चार-चार तुकडे केलेले कागद आणि पेन्सिल. पेन नाही, कारण कागद भिंतीला उभा धरला की पेन चालत नाही. खालून, बाहेरून, फोनवरून जी माहिती येईल ती मी दोन-चार शब्दांत लिहून तुमच्या गुडघ्याशी सरकवायची. तुम्ही बोलता बोलता तिरक्या नजरेने वाचायचात आणि त्याच दमात दाराआडच्या माणसाला सांगायचात. त्याला कधी कळायचंही नाही की मागे कोणी आहे.

“चिठ्ठी तपासत बसायला मला टाइम नसतो,” तुम्ही म्हणाला होतात. “तुम्ही जे लिवाल ते माझ्या तोंडातून जाईल. म्हणून तुमच्या हातनं खरंच यायला पायजे. मला तेवढंच जमतं, मॅडम. खोटं बोलताना माझा आवाज बदलतो, आणि त्या माणसाचे कान त्या वेळेला लय तिखट असतात.”

हा नियम कुठून आला ते तुम्ही एकदाच सांगितलंत, जीपमध्ये, सिन्नरच्या रस्त्यावर. तुम्ही शिपाई असताना गार्डरूममध्ये एक जवान पोरगा सरकारी रायफल घेऊन आत बसला होता. त्याला घरी जायचं होतं, रजा मिळत नव्हती. बाहेरून अधिकारी कर्ण्यावर ओरडले, तुझी रजा मंजूर झाली, ये बाहेर. तो म्हणाला, कागद दाखवा. कोणीतरी घाईघाईने खिडकीतून कागद दाखवला. त्याने जवळ येऊन बघितला. कागद कोरा होता. पुढचं तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. सिन्नर येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

अहिरे त्या चिठ्ठीच्या दिवशी सकाळी दहाला दार लावून बसले. नाशिक रोडच्या कॉलनीतली तीन मजली इमारत, दुसरा मजला. सटाण्याकडचा माणूस, सैन्यातून निवृत्त, एका बँकेच्या दारात स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा राहणारा. बायको जाऊन तीन आठवडे झाले होते. दार चार बोटं उघडं, आतून साखळी. फटीतून त्यांचे गुडघे दिसत होते, गुडघ्यांमध्ये बंदूक, आणि चापावर बोट ठेवलेला उजवा हात.

“मी गांगुर्डे,” तुम्ही म्हणालात. “फौजदार झालो, पण घरात अजून हवालदारच म्हणतात.”

“परत जा,” आतून आवाज आला.

“जातो. पण दोन जिने चढून आलोय, गुडघे दुखतात. जरा बसतो.”

तुम्ही बसलात ते चार तास. बंदूक खाली ठेवा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. फक्त म्हणालात, “बोट तेवढं बाहेर काढून ठेवा, अहिरे साहेब. पायजे तेव्हा परत घाला, तुमचंच बोट हाय.” आणि त्यांनी ते बाहेर काढलं. तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि ते बोट गपकन परत आत गेलं. तुम्ही मागे न बघता मला खूण केलीत. मी अनवाणी तिन्ही मजले फिरले, घराघरांत जाऊन बायकांना गॅस बंद करायला सांगितलं. एक आजीबाई म्हणाल्या, डाळ अर्धी कच्ची आहे. मी त्यांच्यावर ओरडले. त्या दिवशी त्या इमारतीत कोणी धड जेवलं नसेल.

जिन्यात शीघ्र कृती दलाची पोरं घामाने निथळत उभी होती. त्यांचे साहेब दर वीस मिनिटांनी घड्याळ बघायचे. तुम्ही अहिरेंशी उन्हाळी कांद्यावर बोललात, सीमेवरच्या थंडीवर बोललात, बायकोच्या हातच्या भाकरीवर बोललात. मग हळूहळू खरं दुखणं बाहेर निघालं. बायकोला दम लागला तेव्हा अहिरे बँकेच्या दारात उभे होते. ड्युटीवर फोन खिशात ठेवायचा नाही असा त्यांचा स्वतःचाच शिस्तीचा नियम. मुलाने सात वेळा फोन केला. सातही वेळा तो लॉकरमध्ये वाजला.

दोन वाजता ते म्हणाले, “माझ्या पोराला विचारा. एकदा येऊन जा म्हणावं. येणार असेल तर मी दार उघडतो. येणार नसेल तर तेही सांगा. पण खोटं नको.”

“खोटं नाय सांगणार,” तुम्ही म्हणालात. “शब्द देतो.”

मी अर्धा जिना खाली उतरले आणि मुलाला फोन लावला. तो सिन्नरच्या कारखान्यात होता, मागे मशिनचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. अगदी विनवलं म्हणा ना. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “त्यांना सांगा, मी ड्युटीवर आहे.” आणि फोन ठेवला. मी परत लावला, बंद.

मी वर आले. फटीतून दिसलं, बोट परत आत होतं. बंदूक मघापेक्षा सरळ झाली होती. जिन्यातले साहेब मला हाताने विचारत होते, काय झालं, काय झालं. तुम्ही मागे हात पसरून चिठ्ठीची वाट बघत होतात. तुमचा तो पसरलेला हात मला अजून दिसतो. मी पेन्सिलीने लिहिलं, ‘मुलगा निघालाय. सिन्नरहून.’

तुम्ही वाचलंत. पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे बघितलंत. भुवया वर केल्यात, म्हणजे, नक्की? मी मान हलवली.

“निघालाय,” तुम्ही दारात म्हणालात. “सिन्नरहून.” तुमचा आवाज जराही बदलला नाही, कारण तुम्ही खोटं बोलत नव्हतात.

अहिरे रडले. साखळी काढली. बंदूक दस्त्याकडून पुढे केली आणि तुम्ही ती उघडून काडतुसं काढून घेतलीत. जिन्यातली पोरं आत घुसायला निघाली तर तुम्ही हात आडवा धरलात. अहिरेंनी पाच मिनिटं मागितली होती. त्यांनी आत जाऊन तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. मुलगा येणार म्हणून. मग ते येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि खाली बघत राहिले.

अर्धा तास गेला. एक तास गेला. “कुठवर आला?” त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी फोनमध्ये बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. शेवटी साहेबांचा धीर संपला आणि अहिरेंना दोन्ही दंडांना धरून खाली, दवाखान्याच्या गाडीत नेलं. जाताना त्यांनी तुम्हाला एवढंच म्हटलं, “शब्द दिला होता तुम्ही.” केसांतला भांग तसाच नीट होता.

परत येताना जीपमध्ये तुम्ही विचारलंत, “पोराशी तुम्हीच बोललात ना?”

“हो.”

“निघतो म्हणाला?”

“हो.”

तुम्ही जीपची काच खाली केलीत. मग म्हणालात, “रस्त्यात मन बदललं असंल त्याचं.” मी हो म्हटलं. तुम्ही मला निसटायला वाट करून दिली होती हे मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

महिन्याभरात तुम्ही अर्ज देऊन मुद्देमाल खोलीत गेलात. जप्त केलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या बांधणं आणि कोर्टात पोचवणं, एवढंच काम. कारण लिहिलंत गुडघे. पुन्हा कधी कोणाच्या दाराशी बसला नाहीत. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र अहिरेंकडे जायला लागलात. त्यांचा परवाना गेला होता, नोकरी गेली होती, आणि दवाखान्यातून आल्यापासून दोन्ही हात थरथरायचे. त्यांना स्वतःची नखं कापता येत नव्हती. तुम्ही जाऊन कापायचात. परत येताना कोपऱ्यावरच्या टपरीवर लागोपाठ दोन कप चहा प्यायचात. मी चिडवायचे, “अहिरे चहा देत नाहीत वाटतं.” तुम्ही म्हणायचात, “त्यांचा चहा मला नाय जमत.”

आपला वाद चालूच राहिला, तुम्ही मुद्देमाल खोलीत गेल्यावरही. मी प्रत्येक वेळी ‘समजा’ लावून विचारायचे. समजा, खोटं सांगितल्याने माणूस वाचत असेल तर? नियम मोठा की माणूस? तुम्ही म्हणायचात, “वाचतो की. मी कुठं नाय म्हणतो. पण मग पुढच्या वेळेला त्यानं दार लावलं तर तो कोणाला हाक मारंल?” मी म्हणायचे, पुढची वेळ यायला तो जिवंत तर हवा. तुम्ही हसायचात आणि एखाद्या जप्त सायकलला चिठ्ठी बांधायला लागायचात. मला वाटायचं मी जिंकले. खरं तर मला हरायचं होतं. तुम्ही मला धरून विचारावं, मॅडम, ती चिठ्ठी खरी होती का, असं वाटायचं, आणि तुम्ही विचारू नये असंही.

मागच्या वर्षी मी एकटी एका दाराशी बसले. मागे नवीन पोरगी चिठ्ठ्या लिहायला. दोन तास त्या माणसाशी बोलले. तिसऱ्या तासाला त्याने विचारलं, “मॅडम, खरं सांगताय ना?” मी खरंच सांगत होते. पण उत्तर द्यायला मला एक क्षण जास्त लागला. तो का लागला ते मला माहीत आहे. मग आतून बंदुकीचा आवाज आला, आणि त्यानंतर कुठलाच आवाज आला नाही.

मी तिथून सरळ मुद्देमाल खोलीत आले. तुम्ही काही विचारलं नाहीत. एका खोक्यावर बसवलंत, पुढ्यात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवलात आणि म्हणालात, “ह्याच्यावर गुन्हा नंबर लिवा. एक ते शंभर. अक्षर चांगलं काढा.” मी लिहीत गेले. चाळिसाव्या चिठ्ठीला अक्षर सरळ आलं. त्या दुपारी तुम्ही मला ज्या शांतपणे सावरलंत त्याचं ऋण माझ्यावर कायम राहील. आणि त्याच दुपारी मी सांगायला हवं होतं. तुम्ही पाठमोरे बसून सुतळी वळत होतात. ‘काका,’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग कोणीतरी रजिस्टर मागायला आलं.

परवा तुमच्या गावी दहाव्याला आले होते. सुरगाण्याच्या पुढे रस्ता किती वाईट आहे ते तुम्ही कधी बोलला नव्हतात. काकू ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून रडल्या नाहीत, फक्त आत जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आल्या. तिच्यात नेलकटर आणि एक जुना पंचा.

“रविवारी अहिरेंकडं कोण जाईल आता?” त्या म्हणाल्या. “शेवटी दवाखान्यात हे बी तेच विचारत होते.”

मी पिशवी घेतली. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

काल महिन्याचा पहिला रविवार होता. मी साध्या कपड्यांत गेले. दाराला साखळी नव्हती. अहिरेंनी मला लगेच ओळखलं. तुम्ही गेलात हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं, ते मीच सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग उजवा हात पुढे केला. मी पंचा त्यांच्या मांडीवर पसरला आणि नखं कापायला घेतली. ते बोट माझ्या हातात आलं तेव्हा मला पुढे कापता येईना.

“अहिरे काका,” मी म्हटलं, “त्या दिवशी तुमचा मुलगा निघालाच नव्हता.”

“माले माहित शे. माहीत आहे मला,” ते म्हणाले. “गांगुर्डेंनी सांगितलं, पहिल्याच महिन्यात. इथंच बसून. म्हणाले, मॅडमची चिठ्ठी बरोबर होती. येणार नाही असंच तिच्यात होतं. मीच उलटं बोललो.”

काका, म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मुलाला विचारलं असेल, नाहीतर जीपमध्ये माझा ‘हो’ ऐकूनच कळलं असेल. दारात तुम्ही खोटं बोलला नाहीत, आणि नंतर इथे, ह्या खुर्चीसमोर बसून बोललात, ते माझ्यासाठी. आवाज बदलला असणार तुमचा. अहिरेंना वाटलं असेल लाजेने बदलला. आणि मग माझ्या चिठ्ठ्यांवर विसंबता येत नाही म्हणून तुम्ही दाराशी बसणंच सोडलंत, आणि त्याचा ठपका गुडघ्यांवर ठेवलात. मला एक शब्द बोलला नाहीत. याचा मला आत्ताही राग येतो, सांगून ठेवते. तुम्ही मला रागवायला हवं होतं. मागच्या वर्षीच्या त्या माणसाला कदाचित मी वाचवू शकले असते.

मी अहिरेंना सगळं सांगितलं. चिठ्ठीत काय होतं ते, आणि तुम्ही वाचलंत तेच बोललात ते. त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं, आता हे मला बाहेर काढतील.

“म्हणजे त्यांनी शब्द मोडला नव्हता,” ते म्हणाले.

“नाही.”

त्यांचे ओठ हलत होते. “चार वर्षं यायचे ते. एक रविवार चुकला नाही. मी दार उघडायचो, हात पुढे करायचो. पण चहा कधी विचारला नाही. एकदाही नाही. शब्द देऊन खोटं बोलणाऱ्या माणसाला चहा काय विचारायचा. ते उठायचे, पंचा झटकायचे, येतो म्हणायचे.”

मला टपरी आठवली. लागोपाठ दोन कप.

पुन्हा तशीच वेळ आली, तसाच मागे पसरलेला हात असला, तर मी काय लिहीन? तुम्ही हेच विचारलं असतंत. मला माहीत नाही, काका. तो माणूस काल माझ्यासमोर जिवंत बसला होता, त्याचा मुलगा अजून आलेला नाही, आणि तुम्ही नाही. यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

अहिरे उठले. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. मी मदतीला उठले तर हाताने थांबवलं. आत भांडी बराच वेळ वाजत होती, काहीतरी सांडलं, पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ते कप घेऊन बाहेर आले. हात इतका थरथरत होता की अर्धा चहा बशीत आला होता. तुम्ही बसायचात त्या स्टुलावर त्यांनी तो ठेवला आणि म्हणाले, “घ्या, गांगुर्डे.”

मी तो घेतला. बशीतलाही प्यायले. मग त्यांच्या उजव्या हाताची राहिलेली नखं कापली, आणि डावा हात घेतला.